मिरजोळ्याची न झालेली घरं

श्रावणातली सर चुकवत राही हातखंब्याच्या एसटी थांब्यात शिरली, आणि तिच्या ओल्या छत्रीने तिथे उभ्या असलेल्या तरुणाच्या हातातला नकाशा पार भिजवला.

"अगं बाई... सॉरी हं!"

"असू दे. आता मिरजोळ्याची एमआयडीसी तुम्हीच दाखवा."

"तिथेच चाललेय मी," ती हसली. "चला, नकाशापेक्षा बरा रस्ता दाखवीन."

त्याचं नाव विनीत. परदेशातल्या शिक्षकांच्या पेन्शनचा एक मोठा निधी मिरजोळ्यात कामगारांसाठी भाड्याची घरं बांधणार होता. कामगार आज कसे राहतात, ते पाहायला त्याला मुंबईहून धाडलं होतं. राही हर्णेच्या कोळ्याची पोर. वडील गेले, आईला धड दिसत नव्हतं. इथे मासळीच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती आणि पाच जणींबरोबर एका खोलीत राहत होती.

विनीत दर पंधरा दिवसांनी येऊ लागला. पाहणीचे फॉर्म केव्हाच भरून झाले, पण त्याचे प्रश्न काही संपेनात.

"स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला हवी?"

"वारा येईल त्या. आईला आणणार आहे मी."

"आणि... आणखी कोण राहील?"

"हे फॉर्ममध्ये आहे?"

"नाही," तो कानापर्यंत लाल झाला. "हे माझं."

राही चहा गाळायला वळली. पण चहाचा ग्लास देताना तिची बोटं त्याच्या बोटांपाशी जरा रेंगाळली...

मैत्रिणींना ती छातीठोकपणे सांगायची, घरं होणारच. आईने पाहिलेलं स्थळही तिने अडवून धरलं.

माघात विनीत आला, तो मान खाली घालूनच. दोघं भाट्याच्या किनाऱ्यावर चालत होते.

"निधी माघार घेतोय, राही."

"का? जागा तर मिळाली होती ना?"

"करावर अडलं. इथे भाड्यावर कर, आणि तोच पैसा त्यांच्या देशात नेला की तिथे पुन्हा. सवलत मिळेल म्हणत होते... नाही मिळाली. उरतं तेवढ्यात पेन्शनी भागणार नाहीत."

"म्हणजे त्या म्हाताऱ्या मास्तरांचंही चुकलं नाही?"

"कुणाचंच नाही."

"मग रागवू कुणावर मी?"

त्याने दुसरी बातमीही सांगितली. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवत होती. तो थांबला, तिच्याकडे वळला.

"माझ्याबरोबर चल. मला तू—"

"आवडतेस. ठाऊक आहे. मलाही तू आवडतोस. पण आईला कुठे ठेवू?"

"मग दोन वर्षं... थांबशील?"

"थांब म्हणू नकोस रे. सहा महिने मी थांबले, पाच जणींना थांबवलं. आईला आणखी थांब म्हणायची हिंमत नाही माझ्यात."

त्याने तिच्या गालावरचे वाऱ्याने विस्कटलेले केस हळूच मागे सारले. ती मागे वळून न पाहता निघाली.

दुसऱ्या दिवशी तो गेला, तेव्हा राही कामावर होती. समोर पॅकिंग करणाऱ्या, तिच्याच खोलीतल्या दीपालीने सहज विचारलं, "काय गो, घरांचं कुठवर आलं?"

"नाही होत," राही म्हणाली.

"आणि... तो?"

कोळंबीच्या बर्फात मनगटापर्यंत बुडालेले हात राहीने बाहेर काढले नाहीत. डोळे पुसायलाही नाही.