पाणी उकळून प्या

शनिवारी दुपारी वृद्धाश्रमातून फोन आला तेव्हा मायकेन पालिकेच्या संकेतस्थळावर एक मांजर हरवल्याची बातमी चढवत होती. मांजर गुरुवारीच सापडलं होतं. पण हरवल्याचं कुणाला कळवलंच नाही, याचं मालकिणीला अपराधी वाटत होतं, म्हणून बातमी.

"मायकेन, आमचं पाणी बुळबुळीत झालंय," वृद्धाश्रमाची प्रमुख गुनवोर म्हणाली.

"बुळबुळीत म्हणजे?"

"हात धुतले की साबण लावल्यासारखे वाटतात. साबण न लावता. सकाळी तर नळ पाणी द्यायच्या ऐवजी हवा ओढत होता. मी तोटीवर बोट ठेवलं, तर बोटच धरून ठेवलं त्यानं."

"चव कशी आहे?"

"बंदरातल्या बादलीसारखी. आमची सुनेवा आजी कॉफी प्यायली आणि तिची जीभ भाजल्यासारखी लाल झाली."

"कॉफी गरम होती?"

"सुनेवा गेली कित्येक वर्षं गारच पिते. गरम कॉफी मागायची तर कुणाला तरी उठावं लागतं ना."

हेस्टवोय बेटाची माहिती अधिकारी म्हणजे एकटी मायकेन. बर्फ कधी काढणार, फ्लूची लस कुठे मिळणार, बोटीची वेळ का बदलली, हे सगळं तिच्या बोटांतून गावाच्या मोबाइलवर जायचं. तिनं लगेच डॉक्टर तोरलाइव्हला फोन लावला. तोरलाइव्ह बेटाचा आरोग्य अधिकारी. शांत, उंच, आणि सगळ्यांना आवडणारा.

"जिवाणू असणार," तो म्हणाला. "नमुना दुपारच्या बोटीनं प्रयोगशाळेत पाठवतो. तोवर तू संदेश टाक. पाणी उकळून प्या. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये भरून ठेवा."

मायकेननं संदेश टाकला. गावानं तो अक्षरशः पाळला. हेस्टवोयमध्ये पालिकेनं सांगितलेलं लोक पाळतात, आणि पाळताना कुठे कमी पडलो की काय याची काळजी करतात.

रविवारी सुनेवाला मुख्य भूमीवरच्या इस्पितळात न्यावं लागलं. घसा सुजला होता. ती सांगितल्याप्रमाणे फक्त उकळलेलंच पाणी पीत होती.

हे ऐकून मायकेननं आपलाच संदेश पुन्हापुन्हा वाचला. त्यात चूक कुठे आहे ते तिला सापडेना. त्यामुळे तिला जास्तच वाईट वाटलं.

त्याच दिवशी इंग्वारनं गुन्हा कबूल केला.

इंग्वार जलकेंद्र सांभाळायचा. त्यानं पालिकेच्या अध्यक्ष हालदिसच्या घराची घंटा वाजवली, बूट बाहेर काढले, आणि पायमोज्यांवर उभं राहून सांगितलं की टाकीचं झाकण आपण उघडं ठेवलं, त्यात बहुतेक समुद्रपक्षी पडला, आणि आपल्याला कामावरून काढावं. हालदिसनं त्याला कॉफी दिली आणि मंगळवारी संध्याकाळी सभा बोलावली.

"त्याला काढणार?" सोमवारी सकाळी मायकेननं विचारलं.

"त्यानं कबूल केलंय, बाई. मी काय करू, नाही म्हणू? सभेत ठराव होईल आणि तू तो छापशील. लोकांना कारण हवंय."

"आणि खरं नसेल तर?"

"मग उद्या संध्याकाळच्या आत खरं घेऊन ये. बाहेरच्यांनाही तूच बघ."

बाहेर रांग होती. इंग्वारनं कबुली दिल्याचं गावात पसरलं होतं, आणि एकट्यानं सगळा दोष घ्यावा हे लोकांना बरं वाटेना. पाद्र्यानं चर्चची फरशी हिरव्या साबणानं धुऊन बादली बेसिनमध्ये ओतली होती.

"बेसिनचं पाणी गटारात जातं," मायकेन म्हणाली.

"हो, पण मी जरा जास्तच साबण घेतला होता."

केशकर्तनवालीनं केसांचा रंग ओतला होता, तोही मार्चमध्ये. एक म्हातारा म्हणाला, आपण काहीच केलेलं नाही, पण पन्नास वर्षांपूर्वी टाकी भरते त्या तळ्यात लघवी केली होती, त्याची कुठे नोंद होईल का?

मायकेननं सगळ्यांचे आभार मानले आणि ती जलकेंद्रावर गेली. इंग्वार आपली हत्यारं पुसून खोक्यात भरत होता. नव्या माणसाला मळकी मिळू नयेत म्हणून.

"झाकण उघडं होतं हे तू पाहिलंस?"

"नाही."

"मग?"

"बंद केल्याचं आठवत नाही."

"जाऊन बघितलंस का?"

"मी आता संशयित आहे. मी तिकडे फिरकणं बरं दिसत नाही."

"इंग्वार, त्रास कुणाकुणाला झाला?"

"टेकडीवरच्यांना. वृद्धाश्रम आणि शेजारची घरं."

"आणि बंदरात?"

"बंदरात कुणाला काही नाही." तो पाना पुसायचा थांबला. "पण टाकी तर सगळ्यांची एकच आहे."

"तेच म्हणतेय मी. शनिवारी सकाळी काय झालं होतं?"

"अग्निशमनवाल्यांचा सराव. बंदरातल्या मोठ्या नळावरून बंब भरत होते. तूच तर छापलं होतंस, टेकडीवर दाब कमी होईल म्हणून. टेकडीची वाहिनी बंदरातूनच वर जाते ना." मग खाली बघत म्हणाला, "तो सराव मी थांबवायला हवा होता."

"का?"

"माहीत नाही. पण हवा होता."

परत येताना तोरलाइव्हचा फोन आला.

"गावपत्रिकेत माझ्या शनिवारच्या जेवणाची सूचना आहे ना, ती बदल. लुटेफिस्क नको. मटण आणि कोबी लिही."

मायकेन रस्त्यातच थांबली. तोरलाइव्हचं नोव्हेंबरचं लुटेफिस्कचं जेवण म्हणजे बेटाचा सणच. बाकी गाव हा मासा दुकानातून तयार आणायचं. तोरलाइव्ह एकटाच जुन्या पद्धतीनं घरी करायचा. सुकवलेला कॉड आधी पाण्यात, मग कॉस्टिक सोड्यात, मग आठवडाभर वाहत्या पाण्यात. शेवटी जे उरतं ते थाळीत थरथरतं, आणि त्यासाठी लोक आदल्या वर्षीच नाव देऊन ठेवतात.

"का रे? मासा मिळाला नाही?"

"सुनेवा इस्पितळात आहे. अशा वेळी चंगळ बरी दिसत नाही."

"आणि मटण चंगळ नाही?"

"मटण साधं असतं," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मायकेनला ते पटलं. हेस्टवोयमध्ये असं कारण कुणालाही पटलं असतं.

मंगळवारी तिनं स्वतःच प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडच्या बाईचा आवाज दमलेला होता.

"हेस्टवोय? परत एकदा सांगू? जिवाणू एकही नाही. पाण्यात दाहक क्षार आहे, तोही भरपूर. असं पाणी पिऊ नका, आणि उकळू तर मुळीच नका. उकळल्यानं पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतो."

फोन ठेवल्यावर मायकेन बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली. याच बोटांनी तिनं सुनेवाला ते पाणी पाजलं होतं. मग तिनं नवा संदेश टाकला: नळाचे किंवा उकळलेले पाणी पिऊ नका, थर्मास ओतून टाका, दुकानातून बाटल्या घ्या. आणि ती टेकडी चढायला लागली.

डॉक्टरचं घर टेकडीच्या माथ्यावर, वृद्धाश्रमाच्या बरोबर वर. वाटेतल्या सगळ्या अंगणांतल्या बागेच्या नळ्या केव्हाच गुंडाळून आत गेल्या होत्या. बर्फ पडायच्या आधी नळी आत घेतली नाही तर इथे शेजारी हळहळतात. तोरलाइव्हची हिरवी नळी मात्र भिंतीवरच्या नळापासून तळघराच्या खिडकीत गेलेली होती, आणि गारठून काठीसारखी ताठ झाली होती.

तोरलाइव्हनं दार उघडलं. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"काय झालं?"

"कोबी चिरताना."

"प्रयोगशाळेचा निकाल आला का रे?"

"नाही अजून. आला की पहिला तुला सांगेन." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "इंग्वारला कसं वाटतंय?"

"त्यानं हत्यारं पुसून ठेवलीत."

"बिचारा," डॉक्टर म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हे विशेष.

सभेला सगळं गाव आलं होतं. कॉफी होती, मुख्य भूमीवरच्या पाण्याची. इंग्वार सगळ्यात मागे, दाराजवळ बसला होता. बाहेर काढलं तर कुणाला उठायला लागू नये म्हणून.

"इंग्वारनं कबुली दिली आहे," हालदिस म्हणाली. "कुणाला काही म्हणायचंय?"

अर्ध्या सभागृहानं हात वर केले.

"कबुली सोडून काही," हालदिस म्हणाली. हात खाली आले. मायकेनचा वरच राहिला.

"टाकीत पक्षी पडला असता तर पाण्यात जिवाणू मिळाले असते," ती उभी राहून म्हणाली. "एकही मिळाला नाही. आणि बंदरातले लोकही आजारी पडले असते. तेही नाही. पाण्यात सापडला क्षार. पाणी बुळबुळीत करणारा, जीभ भाजणारा."

"माझा साबण," पाद्री पुटपुटला.

"गटारात गेला. गप बस. प्रश्न असा, की क्षार आत शिरला कसा? गुनवोर, शनिवारी सकाळी नळ काय करत होता?"

"हवा ओढत होता. माझं बोटही."

"बंदरात बंब भरत होते. खाली एवढं पाणी खेचलं गेलं, की टेकडीवरचं पाणी वाहिनीतून उलटं खाली यायला लागलं. त्या वेळी सगळ्यात वरच्या घरात एक नळ उघडा होता. नळाला नळी, आणि नळीचं तोंड एका पिंपात बुडालेलं. पिंपात जे होतं ते नळीनं उलटं ओढून घेतलं. सराव संपला, दाब परत आला, आणि ते सगळं पहिल्यांदा गेलं खालच्या शेजाऱ्याकडे. वृद्धाश्रमात."

"पिंपात काय होतं?" हालदिसनं विचारलं.

"नोव्हेंबर आहे. कॉस्टिक सोड्याचं पिंप या बेटावर कुणाकडे असतं?"

एकेक मान तोरलाइव्हकडे वळली. वळताना प्रत्येकाला अपराधी वाटलं.

"नोव्हेंबरात नळी बाहेर आहे," मायकेन म्हणाली. "बोटांना पट्ट्या आहेत, कारण पिंप घाईघाईत हातांनी रिकामं केलं. आणि लुटेफिस्कच्या जागी मटण आहे, कारण मासाच उरला नाही. पण यात गुन्हा नाही, तोरलाइव्ह. ही चूक आहे. आपल्यापैकी कुणाच्याही हातून झाली असती."

"मग गुन्हा कुठला?" गुनवोरनं विचारलं.

"मी प्रयोगशाळेला पहिल्यांदाच फोन केला, आणि ती बाई म्हणाली, परत एकदा सांगू का. परत? मग आधी तिनं कुणाला सांगितलं होतं? सभेला येण्याआधी मी पुन्हा फोन करून विचारलं. रविवारी सकाळी. आरोग्य अधिकाऱ्याला. सुनेवाला बोटीत चढवायच्या आधी. तेव्हा एका वाक्यात मी संदेश बदलला असता. आज सकाळपर्यंत हे गाव क्षार उकळून, घट्ट करून, थर्मासमधून पीत होतं."

तोरलाइव्ह उभा राहिला. नेहमीसारखाच शांत दिसत होता, फक्त हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं.

"शनिवारी मला खरंच जिवाणूच वाटले," तो म्हणाला. "रविवारी फोन आला, तेव्हा मी तळघरात गेलो. पिंप अर्धं झालं होतं. मी कोट घातला होता, मायकेन. तुझ्याकडेच यायला निघालो होतो. तेवढ्यात हालदिसचा फोन आला, की इंग्वारनं कबूल केलंय." तो थांबला. "आणि मला बरं वाटलं. कोट काढून ठेवण्याइतकं बरं वाटलं. त्याहून वाईट मला सांगता येणार नाही."

मग तो गुनवोरकडे वळला.

"सुनेवा?" त्यानं विचारलं.

"आज पेज प्यायली," गुनवोर म्हणाली. "गार. आणि तुझा घसा कसा आहे, असं तिनं मला विचारलं." मग ती डॉक्टरकडे न बघता म्हणाली, "तुझ्याबद्दलही विचारत होती. तू दमला असशील म्हणाली."

तोरलाइव्ह खाली बसला. पोलीस सकाळच्या बोटीनं यायचे होते. तोवर त्याच्याशेजारी कोण बसणार, असा प्रश्न होता. इंग्वार मागून उठला आणि बसला.

"मी आधी कबूल केलं नसतं, तर तू गेला असतास," तो म्हणाला. "म्हणजे चूक माझीच—"

"इंग्वार," अख्खं सभागृह म्हणालं.

सभा संपल्यावर मायकेन विजेरी घेऊन टाकीवर गेली. झाकण बंद होतं. त्यावर कुलूप होतं, आणि कुलपावर गंज धरू नये म्हणून कुणीतरी ग्रीस लावलेलं होतं.

तिथेच उभं राहून तिनं गावाला संदेश टाकला:

"पाण्यात कॉस्टिक सोडा मिसळला होता. नळ धुऊन होईपर्यंत बाटलीतलेच पाणी प्या. पाणी उकळण्यास सांगणे चूक होते. तो संदेश मी पाठवला होता, माफ करा. टाकीचे झाकण बंद होते. इंग्वारने कोणतीही चूक केलेली नाही."

पहिलं उत्तर इंग्वारचं आलं.

"शेवटचं वाक्य काढशील का? फुशारकी वाटते."

मायकेननं ते वाक्य तसंच ठेवलं. अपराधी वाटलं, पण ठेवलं.