जोडीचे ठोके

"ड्रम स्वस्तातला चालेल, झांज बघून घ्या," दुकानदार म्हणाला. "ड्रमचं पान बदलता येतं, ताण कमीजास्त करून सूर लावता येतो. झांज जन्माला येते तशीच मरते."

कानवाल्या बाईंना हे पटलं. कारखान्यांतून फिरून कामगारांचे कान तपासणं हे त्यांचं काम, आणि नावही कामगारांनीच पाडलेलं. शनिवारी सकाळी त्या बारा वर्षांच्या लेकीला घेऊन जुन्या-नव्या वाद्यांच्या या दुकानात आल्या होत्या. लेकीला घरात टिकटिक म्हणत, कारण तिच्या बोटांखाली टेबल, ताट, बापाची पाठ, काहीही वाजायचं. "घरात तुम्ही दोघी असताना आणखी ड्रम कशाला?" असं म्हणून बापाने परवानगी दिली होती. अट बाईंची होती. टिकटिकच्या कानांना धक्का लागेल असं काही घरात येणार नाही.

पाच ड्रमांचा एक वापरलेला सेट पसंत पडला. ओरखडे होते, पण बाईंनी प्रत्येक ड्रमच्या काठावरून बोट फिरवलं. कुठे खाच नव्हती. पायाने दाबायचा पेडल कुरकुरत नव्हता. आवाज दाबणाऱ्या रबरी चकत्या त्यांनी आधीच मागून घेतल्या.

झांजांवर मात्र गाडी अडली. नव्या पितळी झांजेवर टिकटिकने काठी मारली आणि तोंड वाकडं केलं. "आई, डब्याचं झाकण!"

दुकानदार हसला. खालच्या फळीवरून त्याने एक काळपट कांस्याची झांज काढली. "हाताने घडवलेली आहे. झाकणाच्याच भावात देतो. कोणी उचलतच नाही. म्हणतात, मुकी आहे."

टिकटिकने काठी टेकवल्यासारखी मारली. आवाज पातळ, उजळ निघाला आणि बराच वेळ दुकानात राहिला. दुकानदाराचं हसू ओसरलं.

"आज बोलली," तो म्हणाला.

बाईंनी भिंग काढून कड तपासली, मधलं भोक तपासलं. तडा नव्हता. हातोड्याच्या खुणा तेवढ्या निराळ्या होत्या. दोन जवळजवळ, मग मोकळी जागा, पुन्हा दोन. हे आपण कुठेतरी ऐकलंय असं त्यांना वाटलं. पाहिलंय असं नाही, ऐकलंय. टिकटिक बाही ओढत होती. त्यांनी झांज घेतली.

घरी त्यांनी रीतसर मोजमाप केलं. रबरी चकती लावल्यावर टिकटिकच्या कानापाशी शहात्तर डेसिबल. रोज अर्धा तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. तक्ता करून भिंतीला लावला. एवढ्या आवाजाने कान जात नाही, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या.

दुसऱ्या आठवड्यात वेळ संपली तरी टिकटिक झांजेकडे बघत बसली.

"ऊठ आता."

"अजून वाजतेय ना."

बाईंनी झांज चिमटीत धरली. धातू गार होता, थरथर नव्हती. आवाज मोजायच्या यंत्रावरचा आकडा रिकाम्या खोलीचाच होता. टिकटिकचं बोट मांडीवर हलत होतं. दोनदा, मग विराम. दोनदा, मग विराम.

तिसऱ्या आठवड्यात टिकटिकला दाराची घंटा ऐकू येईना.

बाईंनी तिला आपल्या तपासणीच्या खोलीत नेलं. काचेपलीकडे बसवलं, हेडफोन लावले. आवाज आला की बोट वर करायचं. जाडे आवाज तिला नीट आले. सेकंदाला चार हजार कंपनांच्या बारीक आवाजापाशी बोट वर गेलंच नाही. बाई आवाज वाढवत गेल्या. कागदावरची रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेली आणि आठ हजारांवर पुन्हा वर आली.

म्हातारपणी कान जातो तेव्हा रेघ उतरते ती उतरतेच. अशी विहीर पाडतो तो गोंगाट.

बाईंनी कागद जवळ ओढला. ही रेघ त्यांनी आधी काढली होती.

नऊ वर्षांपूर्वीचा झांजांचा कारखाना. एक घडाई कामगार, वय बत्तीस. "दोन ठोके, मग कांस्याची चकती फिरवायची," त्याने खुर्चीच्या हातावर वाजवून दाखवलं होतं. "बाकीचे एकेक मारतात. माझं काम जोडीने ओळखतात. पण बाई, बारीक आवाज जातोय हो. कागदावर लिहा, म्हणजे मला दुसऱ्या कामाला घालतील. नीट बघा ना."

बाईंनी नीट बघितलं होतं. पण मालकाने सकाळीच बजावलं होतं, कान गेलेले निघाले तर पुढच्या वर्षी तपासणीला दुसरं कोणी येईल. त्यांनी 'वयोमानानुसार सामान्य' हा शिक्का उचलला, कागदावर मारला आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "पुढचा!"

दीड वर्षाने तो कारखान्याच्या आवारात मागे येणाऱ्या ट्रकखाली सापडला. ट्रकचा भोंगा वाजत होता, असं सगळ्यांनी सांगितलं. बाईंनी ती बातमी घडी करून ठेवून दिली. दोन गोष्टींचा संबंध लावायला पुरावा लागतो, असं त्यांनी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

आता त्यांनी जुनी फाइल काढली. त्याचा कागद आणि लेकीचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले.

ठिपक्यावर ठिपका बसला. दोन्ही कानांचा.

झांज त्यांनी त्याच दुपारी दुकानात परत केली. दुकानदाराने काठी मारून पाहिली. आवाज आला नाही.

"मुकी ती मुकीच," तो म्हणाला.

आठवड्याने विहीर आणखी खोल गेली होती.

त्यांचा एक जुना विद्यार्थी आता मोठ्या इस्पितळात कान तपासत असे. बाई टिकटिकला घेऊन त्याच्याकडे गेल्या. त्याने मन लावून तपासणी केली, यंत्र बंद केलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"छान आहे, मॅडम. उगाच घाबरलात."

कागदावर विहीर होती. काळ्या शाईत, तळापर्यंत.

"हे काय मग?" बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं.

त्याने पेनाचं टोक त्याच रेघेवरून नेलं. खाली, तळाशी, परत वर. "सरळ तर आहे."

"अरे, नीट बघ ना," बाई म्हणाल्या, आणि तो आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

"बघितलं, मॅडम. तुमच्याच हाताखाली शिकलोय." त्याने शिक्का उचलला, शाईत दाबला आणि कागदावर मारला.

वयोमानानुसार सामान्य.

वयाच्या रकान्यात बारा लिहिलेलं होतं.

"पुढचा!" त्याने दाराकडे बघून हाक दिली.

काचेपलीकडे टिकटिक अजून हेडफोन लावून बसली होती. यंत्राचा दिवा विझलेला होता.

तिने बोट वर केलं. खाली घेतलं. पुन्हा वर केलं.

मग ती जरा थांबली. चकती फिरवायला लागतो, तेवढाच वेळ.