निसटलेला पाय

सूर्यमाळच्या अंगाला श्रावणात धुकं उतरतं ते पाहुण्यासारखं दारात थांबत नाही. गोठ्यात, चुलीपाशी, अंथरुणात, सगळीकडे घरच्यासारखं जाऊन बसतं. भर सकाळी कंदील लावावा लागतो. अशाच एका सकाळी बाळ्या टोपली घेऊन राख सावडायला निघाला.

राख त्याच्या थोरल्या भावाची होती. नवसू मास्तर, आश्रमशाळेवरचा. बाळ्याहून वीस वर्षांनी मोठा. आईबाप गेल्यावर त्यानंच बाळ्याला खांद्यावर घेऊन वाढवलं. तालुक्यातल्या पोरांना बाराखडी शिकवली, पण सख्खा भाऊ चौथीत शाळेच्या खिडकीतून पळाला तो पळालाच. "गावाला अक्कल वाटली, घरात वाटायची राहिली," असं पारू, बाळ्याची वहिनी, म्हणायची. नवसू नुसता हसायचा.

चार वर्षांपूर्वी दादाच्या पोटातली रक्ताची मोठी नळी दुधीसारखी फुगली होती. उताणा झोपला की बेंबीवर ठेवलेला तांब्या हलायचा, इतका मोठा ठोका. बिड्यांनी छाती आधीच खराब, म्हणून मुंबईच्या इस्पितळात पोट न फाडता जांघेतून आत नळी बसवली. कापडाची, तारेच्या जाळीची, वर धड आणि खाली दोन पाय. आता रक्त ह्या नळीतून जाणार, बाहेरचा फुगवटा कोरडा राहणार, ठोका थांबणार. तिचा फोटो बघून दादा म्हणाला, "सरकारनं आतून चड्डी घातली रे मला."

डॉक्टरांनी बजावलं होतं, दर वर्षी फोटो काढायला या. जाळी सरकते, कधी एखादा पाय निसटतो, फुगवटा परत भरतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. दादा दोनदा गेला. मग दुखत नाही, खुपत नाही, कशाला रजा घालवायची म्हणून राहिला.

वारला त्या वर्षी होळीच्या आधी बाळ्या त्याला तेल लावत होता. हात बेंबीवर गेला आणि थांबला.

"दादा, तुझा ढोल परत वाजतोय."

दादानं स्वतःचा हात ठेवून बघितला. "अंगात जीव आला म्हणायचा."

वहिनीनं त्या दिवशी कोंबडी कापली. घरात कुणाला वाटलं नाही की हा ठोका आनंदाचा नाही.

लावणी उरकता उरकता दादाच्या पाठीत कळ आली. जीप मिळेपर्यंत तो पांढरा पडला. जव्हारकडे जाताना सगळा वेळ बाळ्याचा तळवा त्याच्या पोटावर होता. घाटातल्या एका वळणावर ठोका आला. पुढच्या वळणावर आला नाही.

चिता पावसातच जाळली, वर पत्रे धरून. त्याआधी पाड्यातल्या जाणत्या चंद्राकाकानं दादाचा करदोरा तोडला, कानातली बाळी काढून घेतली. "मढ्यासंगं धातू ठेवू नये. माणूस अडकून राहतो." पोटातल्या तारेची कुणाला आठवण झाली नाही.

ती बाळ्याला राखेत सापडली. कापड जळून गेलं होतं, जाळी तशीच होती. धड, त्याला एक पाय. दुसरा पाय वीतभर लांब, वेगळा पडलेला. मोडला नव्हता, वितळला नव्हता. नुसता निसटला होता.

बाळ्या खाली बसला. कितीतरी वेळ तो ते दोन्ही तुकडे हातात घेऊन बघत राहिला.

"एवढंच ना?" तो राखेला म्हणाला. "एवढं तर मी बसवलं असतं."

राख त्यानं ओहोळात सोडली. तार कमरेला खोचली आणि घरी आणली.

मासे धरायचे बांबूचे सापळे विणण्यात पाड्यात बाळ्याचा हात कुणी धरत नसे. त्या दुपारी तो ओटीवर बसला. बांबूची दोऱ्यासारखी बारीक पात काढली, निसटलेला पाय धडात सरकवला आणि सापळ्याच्या तोंडाला बांधतात तसा घट्ट विणून टाकला. हिसका देऊन बघितलं. पाय हलला नाही. त्यानं ती जाळी ओटीच्या जमिनीवर ठेवली, वर टोपली पालथी घातली, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली.

वहिनीनं हलवून उठवलं तेव्हा सकाळ होती. निदान कोंबडा आरवला होता. बाहेर नुसतं पांढरं.

"बाळ्या, कोण कांडतंय?"

त्यानं कान दिला. लांब उखळात मुसळ पडावं तसा आवाज. धप्प… मग थांबून, धप्प. शेजारचं घर हाकेच्या पलीकडे, आणि तिथली माणसं कालच मोखाड्याला गेलेली.

बाळ्या ओटीवर आला. आवाज टोपलीखालून येत होता. त्यानं टोपली उचलून तळवा जाळीवर ठेवला. ठोका ओळखीचा होता. होळीच्या आधी हाताला लागला होता तोच.

मग बिडीचा वास आला. ओल्या गोधडीचाही. ओटीच्या कडेला, धुकं जिथं जरा दाट होतं तिथं, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

"थंडी वाजते रे," दादा म्हणाला.

बाळ्याला भीती वाटायला हवी होती. त्यानं धावत जाऊन चुलीतले निखारे आणले, शेगडी पेटवली, घोंगडी आणून त्या खांद्यांवर टाकली. घोंगडी जमिनीवर पडली.

"अंग नाय मला, येड्या," दादा म्हणाला. हसत होता बहुतेक. "आतलं सगळं चालू केलंस… बाहेरचं काय नाय."

"मी पाय बसवला."

"बसवलास. चांगला बसवलास." मग जरा थांबून, "आता काढ."

"नाय काढणार."

दारात वहिनी उभी होती. तिला दिसत काही नव्हतं, पण तिनं ऐकलं होतं. बाळ्याला वाटलं, ही आता रागावेल, चंद्राकाकाला हाक मारेल. तिनं पदर तोंडाला लावला आणि हळूच म्हणाली, "आजचा दिस राहू दे… मी भाकर टाकते."

बायकोला नाही म्हणणं दादाला जिवंतपणीही जमलं नव्हतं.

तो एक दिवस घरात सण असावा तसा गेला. वहिनीनं नागलीची भाकर, सुकटीची चटणी असं ताट ओटीच्या कडेला ठेवलं आणि धुक्याशी बोलत बसली. शेळी व्याली. छपराची उत्तरेची बाजू गळते. शाळेतली पोरं येऊन गेली, धनेश फार रडला. मधूनच दादा हूं म्हणायचा. एकदा म्हणाला, "मीठ जास्त घातलंस." ती म्हणाली, "न खाता कळलं?" आणि दोघंही हसली. बाळ्या खांबाला टेकून ऐकत होता. हे असंच चालेल, असं त्याला वाटलं. का नाही चालणार?

पण ठोका वाढत होता. दुपारी उतरंडीची गाडगी एकमेकांना लागून वाजायला लागली. दिवे लागायच्या वेळी भिंतीची माती झडू लागली. जाळी होती तेवढीच होती, पण तिच्यावर परत पालथी घातलेली टोपली हळूहळू वर उचलली जात होती.

"बाळ्या…" दादाचा आवाज बदलला. "पाठीत कळ आली रे."

हाच आवाज. बांधावर, चिखलात, हाच.

"परत तसंच व्हायचंय," दादा म्हणाला. "फुटायचंय. आणि तू बांधून ठेवलंस तर… परत भरेल, परत फुटेल. मला सारखं ते नको."

बाळ्यानं वहिनीकडं बघितलं. तिनं ताट उचललं. त्यातली न शिवलेली भाकर पदरात बांधली, आणि होय म्हणून मान हलवली.

"मी नाय मारणार तुला," बाळ्या म्हणाला. तो लहान पोरासारखा रडत होता.

"मेलोच आहे की. तू नुसती गाठ सोड." आवाज अगदी जवळ आला, कानाशी, लहानपणी पाठुंगळी घेतल्यावर यायचा तसा. "हळू सोड. तुझं हिसके मारायचं काम असतं."

बाळ्यानं विळा घेतला नाही. नखांनी एकेक पात सोडवली. शेवटची गाठ सुटली तेव्हा त्यानं पायाला धरून हळूच ओढलं. पाय निघाला, आणि त्याच्या हातावर काहीतरी ऊन ऊन सांडलं. कोपरापर्यंत, मांडीवरून, खाली जमिनीवर. दिसत काही नव्हतं. हात कोरडे होते. तो तळवा जाळीवर ठेवून बसून राहिला. ठोका मंद झाला. एकदा आला. मग आला नाही.

बिडीचा वास बराच वेळ रेंगाळला.

उजाडल्यावर दीर-भावजयीनं मिळून ते दोन्ही तुकडे ओहोळाच्या डोहात सोडले, वेगवेगळे. वहिनीनं मागोमाग भाकर सोडली. त्यानंतर घरात कुणी बोललं नाही, कुणी खोकलं नाही. दादा गेला. बाळ्याला ते अंगातून कळलं, आणि तेव्हा कुठं त्याला मोकळं रडता आलं.

ओटीवरची, जाळी ठेवलेली ती जागा मात्र ऊन राहिली. टोपलीएवढी. आषाढातल्या गारठ्यात सगळी जमीन ओली गार असते, तेवढी जागा कोरडी आणि कोमट. मांजर तिथंच झोपतं. थंडीत वहिनीही कधी पाठ टेकते, आणि तिला बरं वाटतं. वासरू मात्र तिथं पाय देत नाही, वळसा घालून जातं.

दर दिवाळीला वहिनी ओटी चोपून, सारवून सपाट करते. पुढच्या दिवाळीला ती जागा जराशी वर आलेली असते. पहिल्या वर्षी बोटभर, मग दोन बोटं. यंदा सारवता सारवता तिचा हात तिथं थांबला.

"काय गं वयनी?" बाळ्यानं विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली, आणि कान जमिनीला लावून तशीच पडून राहिली.