कोपऱ्यातला अंगठा

नाशिक रोडच्या एका सरकारी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सुवर्णा आणि निकिता जुनी दप्तरं स्कॅन करत. दोघी कंत्राटी, सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळाली तर मिळाली. ती जुनी पिवळी पानं सपाट राहत नसत. मनमाडहून अप-डाउन करणारी निकिता उजव्या अंगठ्याने कोपरा दाबून धरी आणि सुवर्णा बटण दाबी. दिवसाला सहाशे पानं. फोटोत बोट आलं की पान बाद.

"निके, अंगठा मागे घे गं."

"घेतला ना, सुवर्णाताई. तुझ्याच डोळ्यांत बसलाय तो."

दिवसभराचं बोलणं एवढंच. दुपारी डबे धुऊन झाले की निकिता ड्रॉवरमधून जांभळ्या नेलपेंटची बाटली काढायची. डाव्या हाताची नखं ती स्वतः रंगवी, उजव्याची सुवर्णा रंगवून देई. डाव्या हाताने लावायला गेली की सगळा रंग कातडीवर.

श्रावणात निकिता तापाने गेली. कायम नोकरीतलं कुणी गेलं की अख्खं ऑफिस दोन मिनिटं उभं राही. निकिताचं फक्त हजेरीच्या मशीनमधून नाव काढलं. सुवर्णाला पानं दाबायला एक काच मिळाली. बाटली ड्रॉवरमध्येच राहिली.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी, स्कॅन झालेली पानं तपासणाऱ्या दीपक सरांनी तिला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. पानाच्या कोपऱ्यात, काचेखाली, एक अंगठा होता.

"ताई, तुमच्यासोबत कोण बसतं?"

कुणी नाही, असं सुवर्णाने सांगितलं.

मग रोज दोन-चार पानांवर तो येऊ लागला. सुवर्णा पान मोठं करून बघत बसे. जांभळा रंग टोकाकडे सरकत चालला होता. मुळाशी कोरं नख वाढत होतं.

अशीच पानं बाद होत राहिली तर मुदतवाढ नाही, असं सरांनी बजावलं. म्हणजे ही खुर्ची नाही, हे मशीन नाही. निकितापाशी बसायला तिला दुसरी जागा तरी कुठे होती?

ती काचेवर वाकली.

"निके, अंगठा मागे घे गं."

पुढचं पान स्वच्छ आलं. त्याच्या पुढचंही. दिवाळीपर्यंत एकही पान बाद झालं नाही.

मुदतवाढीचं पत्र हातात पडलं, त्या दुपारी तिने डबा अर्धाच खाल्ला. तिने ड्रॉवरमधली बाटली काढली, झाकण सैल केलं, मशीनशेजारी ठेवली आणि डबा धुवायला गेली.

परत येऊन तिने पहिलं पान घेतलं.

कोपऱ्यात अंगठा होता.

रंग ओला होता. नखाबाहेर गेलेला, पार पेरापर्यंत.