उंदराने न केलेला बिघाड

गाडी बंद पडली माझ्या दुकानासमोर, आणि नेमका त्याच वेळी एक माणूस सायकलवरून चालला होता. योगायोग म्हणाल तर एवढाच. पुढचं सगळं मी केलं.

सोलो शहरात, बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं पंक्चरचं दुकान आहे. जावा बेटावर कुठेही पंक्चर काढणारा दिसला की तो आमचाच, बाताक, सुमात्राकडचा— हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी तिउर्मा. वय सत्तेचाळीस. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मागे एक पिवळी स्टेशन-वॅगन ठेवून गेला, अडतीस वर्षांची. अगदी माझ्यासारखी— सकाळी उठायला कुरकुर, आणि एकदा उठली की गल्ली डोक्यावर.

त्या दिवशी किल्ली फिरवली तर नुसतं टक्... टक्. सायकल थांबली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"मी बघू का, इबू? म्हणजे... तुमची हरकत नसेल तर... तुम्ही घाईत नसाल तर..." इबू म्हणजे बाई, अदबीने.

"घाईत असले तरी जाणार कशावर? बघा की!"

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "माफ करा हं."

मला नाही. बॉनेटला!

बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड साचली होती. त्यांनी गरम पाणी मागितलं, जुना टूथब्रश मागितला. "काढताना आधी काळी वायर काढायची," ते घासता घासता सांगत होते, "आणि लावताना आधी लाल." लहान मुलाचे दात घासावेत तसं चाललं होतं, हिरड्यांना लागू नये म्हणून जपून जपून.

आता खरं सांगते, हे सगळं मला माहीत होतं. माझ्या बापाच्या तिकडे सुमात्रात, सियांतारला सहा बस होत्या. बाराव्या वर्षी मी कार्बोरेटर उघडून परत बसवत होते. पण मी डोळे मोठे करून म्हणाले, "अय्या, हो? आधी काळी?"

का म्हणाले? मला काय माहीत! तोंडातून गेलं.

त्यांचं नाव प्रासोजो. मोटारीचं काम शिकवणाऱ्या शाळेतले मास्तर, लवकर निवृत्ती घेतलेले, वय छप्पन, बायको वारलेली. अख्खं सोलो त्यांना अदबीने 'पाक गुरू', म्हणजे मास्तरसाहेब, म्हणायचं. मी त्यातला 'पाक' उडवला आणि नुसतं 'गुरू' ठेवलं. पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा त्यांचे कान लाल झाले. म्हटलं, वा! हे तर रोज बघायला पाहिजे.

मग रोज बघायचं तर गाडी बिघडायला नको?

पुढच्या आठवड्यात मी एक फ्यूज काढून ब्लाउजमध्ये टाकला आणि निरोप धाडला. ते आले. बॉनेटची माफी मागितली. दिवे बघितले, हॉर्न बघितला, फ्यूजची डबी उघडली. रिकाम्या खाचेकडे बराच वेळ बघत राहिले.

"कुणी काढला असेल हो?" मी विचारलं.

"उंदीर असेल," ते म्हणाले.

मी हसू दाबायला पाण्याच्या टाकीत तोंड घातलं. ट्यूब बुडवून बघायची आमची टाकी. माझ्या गावाकडे असं झालं असतं तर माणूस म्हणाला असता, 'बाई, फ्यूज काढ बाहेर!' पण हा सोलोचा माणूस. इथे कुणी पायावर पाय दिला तर ज्याचा पाय चेचला तोच माफी मागतो.

नंतर मी प्लगच्या दोन वायरी उलटसुलट लावल्या. गाडी फाट् फाट् करत नाचायला लागली.

"उंदराने दोन नंबर आणि तीन नंबरची अदलाबदल केलीय," गुरू गंभीरपणे म्हणाले. "त्याला आकडे येतात."

मग मी सायलेन्सरच्या नळीत कसावाचा कंद ठोकून बसवला. गाडी चालू व्हायची, गुदमरायची, बंद. त्यांनी गुडघे टेकून, शर्ट सांभाळत, तो कंद उपसून काढला. उजेडात धरून बघितला.

"हुशार आहे," ते म्हणाले. "सोलून आणलाय."

त्यांच्या खिशात एक वही असायची. तारीख, लक्षण, कारण असे तीन रकाने. आठ महिन्यांत कारणाच्या रकान्यात सतरा वेळा 'उंदीर' लागला. आणि एकदाही— एकदाही!— त्यांनी माझ्याकडे वळून 'इबू तिउर्मा, हे काय चाललंय' असं विचारलं नाही. मलाही वाटायचं, हा माणूस भोळा आहे की चांगला आहे? की माझ्याकडे येण्यापेक्षा त्याला दुसरं कामच नाही?

मग एका गुरुवारी ते आले, पण बॉनेटकडे गेले नाहीत.

"विदुरीने तिकीट पाठवलंय," ते म्हणाले. विदुरी त्यांची मुलगी, बालिकपापानला असते, समुद्रापलीकडे. "रविवारी दुपारी सुराबायाची गाडी. तिथून जहाज. आता तिकडेच राहा म्हणते. घर भाड्याने देऊन टाका म्हणते."

माझ्या हातात सोल्युशनची ट्यूब होती. ती दाबली गेली, सगळं बोटांवर आलं.

आम्ही बाताक. आमच्याकडे मनातलं पोटात राहत नाही, आणि कानात सांगितलेलं चौकात ऐकू जातं. मी सरळ म्हणाले, "गुरू, नका जाऊ. इथेच राहा. माझ्याकडे. लग्न करून राहा, म्हणजे गल्लीलाही बोलायला जागा नको."

त्यांचे कान लाल झाले. मान खाली गेली.

"नको, नको... उगाच तुम्हाला कशाला त्रास..."

झालं. विचारलं, उत्तर मिळालं. आमच्याकडे 'नको' म्हणजे नको. मी बोटं पुसली, "बरं," म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी एक ट्यूब चिकटवली, तिला भोकच नव्हतं.

जाताना ते दारातून म्हणाले, "रविवारी... स्टेशनवर सोडाल का? तुमच्या गाडीने?"

म्हटलं, सोडते. असं सोडते की बघत राहाल! शनिवारभर मी गाडीखाली होते. प्लग साफ केले, पट्टा ताणून बघितला, रेडिएटरमध्ये पाणी भरलं, पॉइंटला पॉलिश पेपर फिरवला. आठ महिने खोड्या काढलेल्या हाताने पहिल्यांदाच तिला इमानदारीने हात लावला. रडले का? पेट्रोलचा वास होता डोळ्यात.

रविवारी गुरू दोरीने बांधलेलं खोकं आणि तळलेल्या तेंपेची, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांची, पुडी घेऊन बसले. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. ते जरा दचकले. कोपरा आला, गेला. पूल आला, गेला. इंजिन कसं लोण्यासारखं चाललं होतं. ते मात्र खिडकीबाहेर न बघता सारखे बॉनेटकडे बघत होते.

"कसली काळजी करता?" मी म्हणाले. "पोचवते वेळेत."

"हो... दिसतंय तसं," ते म्हणाले.

रेल्वेच्या फाटकाशी रांग लागली होती. मालगाडी जायची होती. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दहा मिनिटं इंजिन जागच्या जागी धडधडत राहिलं, मग एक आचका... दुसरा आचका... आणि बंद.

फाटक उघडलं. मागचे सगळे हॉर्न एकदम बोंबलले. मी किल्ली फिरवली. स्टार्टर गरगर फिरतोय, इंजिन धरत नाही.

गुरूंनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

"या वेळी," ते म्हणाले, "काय काढलंत?"

"मी?"

"इथे उंदीर दिसत नाही, इबू तिउर्मा."

"अहो काही नाही काढलं! आईशप्पथ! शनिवारभर राबले तुमच्यासाठी!"

विश्वास कुठे बसायला? उतरले, बॉनेटची माफी मागितली. फ्यूज मोजले. प्लगच्या वायरी एक ते चार बोट लावून बघितल्या. मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीतसुद्धा वाकून बघितलं. काहीच नाही. वायर काढून ठिणगी बघितली, ठिणगी चांगली. मग मात्र मला राहवलं नाही.

"गुरू, ती काचेची गाळणी बघा. टाकी भरलेली आणि गाळणीत नुसते बुडबुडे. उन्हात उभी राहून पाइपातलं पेट्रोल उकळलंय. त्याची वाफ झाली की पंपाला काही ओढताच येत नाही. ओलं फडकं टाका पंपावर, पाइपावर. वीस मिनिटं थांबा. दुसरं औषध नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली.

त्यांनी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला, इस्त्रीचा, कडेला निळी रेघ असलेला. पंपाभोवती गुंडाळला. हुस्स करून वाफ निघाली.

"बापाच्या सहा बस होत्या माझ्या," मी कबूल केलं. "मला सगळं येतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बॅटरी आवळताना मी पाना मागितला नव्हता. तुम्ही न मागता हातात ठेवलात. दहा नंबरचा. बरोबर तोच."

तेवढ्यात एक सायकलरिक्षा आमच्यापाशी येऊन थांबली. "पाक गुरू! स्टेशन ना? बसा, पाच मिनिटांत टाकतो!"

"नको, नको, तुम्हाला उगाच त्रास," गुरू म्हणाले.

"अहो बसा हो, त्रास कसला!"

"नको, खरंच."

"बघा बरं, गाडी चुकेल. येता ना?"

"नको," गुरू म्हणाले.

रिक्षावाल्याने मान हलवली, हसला, पायडल मारलं आणि निघून गेला.

"गुरू! गाडी चुकेल तुमची! त्याला घालवलंत कशाला?"

ते रुमालावर पाणी टाकत होते. आधीच ओल्या रुमालावर... पुन्हा पुन्हा.

"म्हणजे तुम्ही खरंच काही काढलं नाहीत," ते म्हणाले. आवाज असा पडलेला की जणू मीच चूक केली. "मी मुद्दाम तुमची गाडी सांगितली. मुद्दाम. वाटलं... ही काही पोचणार नाही."

मी त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली.

"पण... पण तुम्ही नको म्हणालात! गुरुवारी! मी स्वच्छ विचारलं होतं!"

"एकदा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुम्ही एकदाच विचारलंत. पहिल्या खेपेला कुणी हो म्हणतं का, इबू? काय वाटेल समोरच्याला? पहिला नको रीतीचा. दुसरा लाजेचा. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस काय ते खरं सांगतो." त्यांनी रिक्षा गेली तिकडे बघितलं. "त्यानेसुद्धा तीनदा विचारलं. तुम्ही मात्र 'बरं' म्हणून आत गेलात. मी दारात उभा होतो... बराच वेळ."

"आणि विदुरीचं?"

"तिला मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, तिकीटच पाठवलं. बाहेर राहून बिघडली पोरगी."

मी आधी हसले. इतकी हसले की शेजारच्या स्कूटरवाल्याने हेल्मेटची काच वर केली. मग हसू गेलं. घंटा वाजायला लागली होती. फाटक खाली येत होतं. आता येणारी गाडी स्टेशनातून सुटलेली, सुराबायाची. त्यांची.

मी हात साडेतीनदा फडक्याला पुसले.

"गुरू, इथेच राहा. माझ्याकडे."

"नको... उगाच कशाला तुम्हाला..." कान असे लाल की त्यावर तेंपे तळावं. पण मान खाली नव्हती. ते सरळ माझ्याकडे बघत होते. वाट बघत होते.

गाडी आली. धाड धाड धाड— जमीन हलली, पिवळीची दारं हलली, बॉनेटच्या काठीसकट सगळं थरथरलं. त्या गोंगाटात मी सगळा जीव गोळा करून ओरडले, "राहता का हो माझ्याकडे?"

त्यांचे ओठ हलले. काहीतरी छोटं बोलले. अकरा डब्यांनी ते गिळून टाकलं.

शेवटचा डबा गेला. फाटक वर उठलं. मागचे पुन्हा बोंबलायला लागले.

"काय म्हणालात? ऐकूच आलं नाही!"

गुरूंनी पंपावरचा रुमाल काढला, पिळला, घडी घातली, खिशात ठेवला. बॉनेट हलक्या हाताने बंद केलं. गाडीत येऊन बसले, खोकं मांडीवर घेतलं. मी किल्ली फिरवली, पिवळी पहिल्याच फटक्याला उठली.

"गुरू! सांगा ना, काय म्हणालात?"

"चौथ्यांदा विचारायची रीत नाही, तिउर," ते म्हणाले, आणि खिडकीतून हात काढून मागच्यांना थांबायची खूण केली. "गाडी वळवा."