‘हो’ कोण म्हणालं

दादाला जाऊन चाळीस दिवस होत आले होते; चाळिसाव्याच्या विधीच्या आदल्या दिवशी मी इस्पितळात गेलो. त्याची लोकरी टोपी आणि थर्मास तिथंच राहिला होता. "टोपी तरी घरी येऊ दे," आई म्हणाली.

दुपारच होती, पण बर्फ भुरभुरत होतं आणि ऊन डोंगरामागं केव्हाच गेलं होतं. वॉर्डात फिनेलचा वास, त्यात कुणीतरी घरून आणलेल्या मटणाच्या रश्श्याचा. कुठंतरी नळ ठिबकत होता.

गुलझातताई तिथली जुनी नर्स. कपाट उघडता उघडता म्हणाली, "आलास, तालाय? तोंड लपवून कुठं होतास इतके दिवस?"

"मेंढ्यांकडं."

"बरं आहे. मेंढ्या काही विचारत नाहीत."

मी खाली बघितलं. ताईला माहीत नव्हतं. वहिनी सोडली तर कुणालाच नव्हतं.

त्या दिवशी दादा ऑपरेशननंतर गुंगीत होता. शेजारच्या खाटेवर ओस्मोनाली नावाचा म्हातारा. नवी नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि दादाच्या खाटेपाशी थांबली. वहिनीला विचारलं, "यांचं नाव काय? ओस्मोनाली ना?" वहिनी काय सांगणार? आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेते का? तिनं माझ्याकडं बघितलं. मी फोनवर घोड्यांचा सामना बघत होतो. मान वर न करताच म्हणालो, "हो हो, तेच. उरका लवकर."

इंजेक्शन म्हाताऱ्याचं होतं, पेनिसिलिनचं. दादाला ते चालत नव्हतं. फाइलीवर लाल शाईत लिहिलेलं होतं. फाइल कुणी उघडलीच नाही. दहा मिनिटांत दादा निळा पडला.

चौकशीत ती पोरगी रडत म्हणाली, "घरच्यांनी हो सांगितलं." आईनं गृहीत धरलं, वहिनीनंच सांगितलं. मी गप्प बसलो. वहिनीही गप्प बसली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, बस्स.

"थांब जरा," कपाटातली टोपी माझ्या हाती देत ताई म्हणाली. "म्हाताऱ्याला इंजेक्शन देऊन येते." ती दादाच्याच खोलीत गेली. मी दाराशी थांबलो. दादाच्या खाटेवर कुणी दुसराच म्हातारा झोपला होता. बाकी खोली रिकामी.

"आजोबा, उठा. नाव सांगा. तुमच्या तोंडानं."

म्हातारा घोरत होता. आणि खाटेपलीकडून, रिकाम्या खुर्चीपासून आवाज आला...

"हो हो, तेच. उरका लवकर."

माझा आवाज. कंटाळलेला, हसरा. मी दातावर दात दाबून उभा होतो.

ताई दचकली नाही. तिनं सुई खाली धरली, म्हाताऱ्याला हलवून जागं केलं. त्यानं आपलं नाव पुटपुटलं, तेव्हाच तिनं दंडाला कापूस लावला. मग माझ्याकडं वळली.

"रोज असंच. म्हणून रोगी स्वतः बोलल्याशिवाय आता इथं कुणी सुई उचलत नाही. आवाज कुणाचा, ते कळत नव्हतं..." ती हळूच म्हणाली. "आज कळलं."

मी टोपी छातीशी धरून पळालो. ठरवलंच, उद्या सगळ्यांदेखत सांगायचं.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बोरसोकचे, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचे ढीग, चहा, कुराणपठण. वहिनी दाराशी कपबशा धूत होती. मावशी म्हणाली, "नवऱ्याला खाल्लं आणि आता कपबशा घासतेय." वहिनीनं मान वर केली नाही.

आईनं मला विचारलं. सगळे ऐकत होते. "तालाय, तू तिथं होतास. खरं सांग. नर्सला हिनंच हो म्हटलं ना?"

मी सांगणारच होतो. देवाशपथ, सांगणारच होतो.

"हो हो, तीच," माझ्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

सगळे वहिनीकडं वळले. तिनं हातातली बशी खाली ठेवली, दादाच्या पोराला उचललं आणि बर्फातून माहेरच्या वाटेला लागली. मी ओरडून थांबवायला गेलो, तर आवाज फुटेना. आई म्हणते, तू तुझ्या तोंडानं सांगितलंस, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

पण आईनं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात अख्खा बोरसोक होता. न चावलेला.