अंडरप्रिव्हिलेज्ड म्हणजे कोण?

इंग्रजीच्या क्लासात बाईंनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि तिच्या वाट्याला आला नेमका तोच! ती कामाला होती त्या इस्त्रीच्या दुकानात त्याचे शर्ट दर आठवड्याला तिच्याच हाताखालून जायचे. पण कपडे घेऊन यायचा ड्रायव्हर, त्यामुळे स्वारीला कशाचा पत्ताच नाही. तिनेही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तो असा टक लावून बघत बसला असता का?

"माझ्याकडे काय बघतोस? वहीत बघ."

"वहीत तू नाहीस ना..."

महिनाभर असंच गोडीगुलाबीत गेलं. पोरगी अगदी हरखली होती. मग धडा आला गरिबी आणि विषमतेचा. पॉव्हर्टी, इनइक्वॅलिटी, अंडरप्रिव्हिलेज्ड म्हणजे वंचित... प्रत्येक शब्दाला ओळखीतल्या माणसाचं उदाहरण द्यायचं, असा बाईंचा नियम. तो ऐटीत उठला आणि इंग्रजीत म्हणाला, "ड्रायव्हर सांगतो, आमच्या कपड्यांना एक मुलगी इस्त्री करते. ती अंडरप्रिव्हिलेज्ड आहे. बिचारी!"

तिला वाटलं, गप्प बसावं, तर सगळं सुरळीत राहील — पण राहवेना. ती उठली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "ती मुलगी मीच. आणि बिचारी म्हणायला तुला कोणी सांगितलं?"

पिशवी उचलून ती निघाली. झालं, संपलं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. रात्री मात्र उशी ओली झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात हजर! गरम कापडाच्या वासात, दारातच अवघडून उभा.

"दया आली वाटतं?" तिने मान वर न करताच विचारलं.

"लाज वाटली. जिला कधी बघितलं नाही, तिच्याबद्दल तोंड उघडलं. चुकलंच माझं. पण... तू मला आवडतेस. घरी सांगून आलोय."

तिने इस्त्री बाजूला उभी केली. "आई काय म्हणाल्या?"

"'इस्त्रीवाली?' एवढंच. आणि भरल्या ताटावरून उठली."

"आणि तू?"

"मी बसलोच नाही. म्हटलं, तुझं उत्तर कळल्याशिवाय घास उतरायचा नाही."

तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. एवढ्या श्रीमंताघरचा लेक, आणि भर दुपारी उपाशी! तिने टेबलावरचे कपडे बाजूला सारले, आपला डबा उघडला आणि अर्धा त्याच्यापुढे सरकवला.

"हा... होकार समजू?"

"आधी हात धू," ती म्हणाली. "आमच्याकडे हात धुतल्याशिवाय कोणी जेवत नाही."